लांबीवाला मिस्त्री

गाडीचा रंग खरवडायचं काम मी दुसऱ्या कोणाला दिलं नाही. त्यामागे काटकसर नव्हती. अमरावतीत आज माझं कपड्यांचं दुमजली दुकान आहे. चार पेंटर बोलावून त्यांच्यात भावाची झुंज लावायची माझी ऐपत आहे आणि आवडही. पण या गाडीच्या पत्र्यावर एका मिस्त्रीने लांबी थापून मला फसवलं, असं मी बारा वर्षं सांगत आलो होतो. लांबी म्हणजे पत्र्यातले खड्डे बुजवायची पुट्टी. चांगला मिस्त्री सडका पत्रा कापून नवा जोडतो. लबाड मिस्त्री गंजावरच लांबी भरतो आणि वरून रंग मारून मोकळा होतो. त्याची ती लबाडी मला माझ्या हाताने उघडी करायची होती.

गाडी म्हणजे लिलावात घेतलेली शाळेची जुनी व्हॅन. सीटा काढून मी आत एक रुंद फळी बिजागऱ्यांवर बसवली होती. दिवसा तिच्यावर कपड्यांचे गठ्ठे असत, रात्री गठ्ठे खाली सरकवून आम्ही नवरा-बायको झोपत असू. मागे पत्र्याच्या पेटीत शेगडी होती आणि बाजूला पाण्याचा ड्रम. दर्यापूर, भातकुली, चांदूर रेल्वे, असे आठवड्याचे बाजार आम्ही या गाडीतून केले. माझ्या बापाने मला दिलं ते फक्त नाव. बाकी सगळं या गाडीने दिलं. दुकान झाल्यावर ती मागच्या मोकळ्या जागेत उभी राहिली. यंदा बायको म्हणाली, "रंगवून घ्या तिले. आता विकाले नाही, नुसतं पाहाले जाऊ कुठंतरी."

त्या मिस्त्रीने रंग दिल्यावर दुसऱ्याच पावसाळ्यात दारांच्या खाली फोड आले होते. नखाने टोचलं की पापुद्रा निघायचा आणि आत तांबडा भुगा. मी गाडी घेऊन त्याच्या वर्कशॉपवर गेलो. चार गिऱ्हाइकं उभी होती, तेही बरंच वाटलं. मिस्त्री म्हणाला, "खोलून पाहू, भाऊ. तुमच्यासमोर पत्रा कापतो. माही चूक निंघाली त पुरी गाडी फुकट रंगवून देतो."

"कापून आनखी एक बिल काढतं काय, लांबीवाल्या?" मी म्हणालो.

गिऱ्हाइकं हसली. आमच्याकडे नाव ठेवलं की ते चिकटतं. मी तर ते नाव बाजारोबाजारी नेलं. कपडा दाखवता दाखवता गिऱ्हाइकाला सांगायचो, जीपवाल्यांना सांगायचो, चहाच्या टपरीवर सांगायचो. दोनेक वर्षांत त्याला सगळेच लांबीवाला म्हणू लागले. पुढे त्याने वर्कशॉप बंद केलं आणि तो अकोल्याला निघून गेला. हे कळलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही. खरं तर चांगलं वाटलं होतं.

तर या उन्हाळ्यात मी गाडीचे दिवे, खिडक्यांची रबरं, कडेच्या पट्ट्या, सगळं उतरवलं आणि सुरुवात केली. आधी जुन्या स्पीकरमधलं चुंबक घेतलं. पत्र्यावर लांबी जाड असेल तर चुंबक धरत नाही, घसरून पडतं. बायको माठातलं पाणी घेऊन आली तेव्हा मी तिला म्हणालो, "आता पाह्य कसं पडते ते."

ते पडलं नाही. बोनेटवर धरलं, छताच्या कडेला धरलं, मागच्या चाकाच्या कमानीवर धरलं, जिथे मला खात्री होती तिथेही टक्कन बसलं. मी ते ओढून काढायचो आणि पुढे लावायचो. गाडीला दोन फेऱ्या मारल्या.

मग मी रंग काढायचं औषध लावलं, पातं फिरवलं, पॉलिश पेपरने घासलं. पहिला थर निघाला, खाली राखाडी, त्याच्या खाली तांबूस प्रायमर. जिथे पूर्वी गंज होता तिथे मिस्त्रीने सडका भाग कापून नवा पत्रा जोडलेला होता. जोड इतका साफ होता की बोटाने चाचपूनही नीट कळेना. लांबी होती, पण पापडाएवढी पातळ, असायला हवी तेवढीच. चार दिवस घासत होतो. रोज वाटायचं, उद्याच्या भागात सापडेल.

शेवटी राहिली दारांची खालची बाजू, जिथे फोड आले होते. तिथला पत्रा मी कापला. आतून काळी माती पडली, ओंजळभर, अजून ओलसर. गंज बाहेरून आत गेला नव्हता, आतून बाहेर आला होता. दाराच्या पोकळीत, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथेही मिस्त्रीने प्रायमर लावलेला दिसत होता. आणि खालच्या कडेला ओळीने बारीक भोकं होती. त्या प्रत्येक भोकात डांबर भरलेलं होतं.

डांबर माझं होतं.

गाडी नवी रंगवून आणली तेव्हा ती भोकं मला दिसली होती. वाटलं, बुजवायचा कंटाळा केला लेकाने. पैसे पुरे घेतले, काम अर्धं केलं, आता त्यातून धूळ आत येणार. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ कशी असते हे ज्याने कपडा विकला त्याला विचारा. पांढऱ्या परकरावर एकदा बसली की तो परकर अर्ध्या भावात जातो. तेव्हा मी स्वतः डांबर तापवून सगळी भोकं बंद केली होती आणि वर मिस्त्रीला चार शिव्याही दिल्या होत्या.

मी तिथेच मातीत बसलो होतो. बायको जवळ आली, वाकून पाहिलं.

"मिस्त्रीनं सांगतलं होतं," ती म्हणाली. "मी होती ना तिथं. तो म्हने, भाऊ, पावसाचं पानी खिडकीतून दारात उतरते, त्याले निंघाले वाट पाह्यजे. तुमी तवा पडद्याच्या पट्ट्या फुकटात लावून मागत होते. त्याचं आयकलं कोनं?"

"मंग तू कावून नाही सांगतलं मले?"

"डांबर लावताना सांगतलं. तुमी म्हनले, मिस्त्री तुहा मामा लागते काय?"

मला राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना. माणसाने अशी गोष्ट ओरडून सांगायला हवी, असं मी तिला म्हणालो. ती माठ भरायला निघून गेली.

तीन दिवसांनी गाडीला दिवे-खिडक्या परत बसवल्या आणि आम्ही दोघं मूर्तिजापूरवरून अकोल्याला गेलो. गाडीच्या अंगावर कुठे जुना रंग, कुठे उघडा पत्रा, दारं खालून कापलेली. रंगाच्या एका दुकानात पत्ता मिळाला. मिस्त्री दुसऱ्याच्या गॅरेजात रंग मिसळून द्यायला बसत होता. केस सगळे पांढरे झाले होते, श्वास घेताना छाती वाजत होती. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही, आधी गाडीकडे आला. पत्र्यावर तळहात फिरवला.

"कोनाचा हात हाय हा?"

"माहा."

"दिसते. रंगाच्या कडा उतरत्या नाही केल्या. वरतून रंग मारला की पायऱ्या दिसतीन."

मग तो दाराशी वाकला आणि कापलेल्या जागेकडे पाहत राहिला. मी सगळं सांगितलं. माझ्या तोंडाला चूक कबूल करायची सवय नव्हती, त्यामुळे अडखळत, मागचं पुढे करत सांगितलं. तो सरळ उभा राहिला, श्वास जमवला.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "तुमी भांडाले आले ना, तवाच पाहिलं होतं मी डांबर. खोलू म्हनलं त तुमी ते नाव ठेवलं. मंग मीबी म्हनलं, सडू दे."

"मिस्त्री, अमरावतीले चाला. तुमीच रंगवा. म्हनान तो भाव देतो."

"रंग फवाराची गन झेपत नाही आता. दम लागते."

"हाताखाली मानसं देतो. तुमी नुसतं खुर्चीवर बसून सांगा. दुकानावर पाटी लावतो तुमच्या नावाची. पेपरात छापून आनतो."

"पेपरात बोलले होते काय तुमी, शेठ? बाजारात बोलले. तिथंच जाऊन बोला."

"बारा वर्षं झाले. कोनाकोनाले सांगू?"

"जितक्यायले सांगतलं तितक्यायले."

"तिन्ही बाजारात एकेक चक्कर मारतो, मंग झालं?"

"एकेकदाच बोलले होते?"

मी आयुष्यभर घासाघीस केली आहे. समोरचा किती उतरेल हे मला त्याच्या डोळ्यांवरून कळतं. हा माणूस उतरणार नव्हता, आणि त्याला माझ्याकडून दुसरं काही नकोही होतं. बायको गाडीतूनच म्हणाली, "चाला आता. फुटत नाही हा भाव."

निघताना मिस्त्रीने दारांना पत्रा कसा जोडायचा ते तिला सांगितलं, मला नाही. भोकं किती अंतरावर ठेवायची तेही खडूने आखून दिलं.

अमरावतीत पत्रा जोडून घेतला, खुणेप्रमाणे भोकं ठेवली, सगळ्या गाडीला तांबडा प्रायमर मारला. रंग कोणता घ्यायचा ते मी विचारलं. बायको म्हणाली, "रंग मंग. आंधी बाजार." म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी तशाच तांबड्या गाडीने दर्यापूरला गेलो आणि जीप उभ्या राहतात तिथे थांबलो. पूर्वीचे फार थोडे उरलेत. एक म्हातारा जीपवाला मात्र लगेच ओळखून आला.

"काय राजेहो, गाडी अर्धीच रंगवली? का पुन्हा लांबीवाला भेटला?"

तो मोठ्याने हसला. बारा वर्षांनीसुद्धा ते नाव त्याच्या जिभेवर तयार होतं. मी त्याला म्हणालो की त्या मिस्त्रीने लांबी भरली नव्हती. काम चोख होतं, गाडी मी सडवली, आणि खोटं मी पसरवलं. त्याचं हसू हळूहळू थांबलं.

"माही जीप होती त्याच्याकडं," तो म्हणाला. "कामाले लावलेली. तुमी सांगतलं म्हनून मी अर्ध्यातून काढून आनली. मानूस हात जोडत होता, दोन दिस थांबा म्हने. मी थांबलो नाही."

मग त्याने वळून टपरीवर बसलेल्या बाकीच्या जीपवाल्यांना हाक मारली, "अरे, इकडं या सारे. भाऊ काय सांगून राहिले ते आयका."

पाच-सहा जण चहाचे कप हातात घेऊन आले. त्यातले दोघे मला ओळखत होते, बाकीचे नवे होते. बायको गाडीतून उतरून माझ्या बाजूला उभी राहिली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.