एकच पार्ट

माझ्या मामेसासऱ्यांइतका विचार करून वस्तू घेणारा माणूस शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके धुंडाळले तरी सापडायचा नाही. वडगाव रासाईला त्यांची झेंडूची शेती आहे. पाण्याची मोटार घ्यायची ठरली, तेव्हा ते नदीकाठानं फिरून लोकांच्या चालू मोटारींचे आवाज डोळे मिटून ऐकत बसायचे. बॅटरी घ्यायला गेले, तर दुकानदाराला शटर ओढायला लावून ती अंधारात पारखली. नवी चप्पल पायात घातली की दुकानातच उकिडवे बसून बघत. "चालताना समद्याच चपला बऱ्या वाटत्यात," असं त्यांचं म्हणणं. एवढं करून आणलेली वस्तू मग आयुष्यभर टिकायची, किंवा मामा तिला टिकवायचे.

त्यांच्याकडचा कम्प्युटर असाच टिकवलेला. एका ऑफिसानं मोडीत काढलेला तो त्यांनी उचलून आणला आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत फाटके, डागाळलेले फोटो नीट करायला शिकले. आसपासच्या गावांतली माणसं वारलेल्या आईबापांचे फोटो घेऊन येऊ लागली. मामा कुणाकडून काही घेत नसत. उलट चहा पाजून तासभर चौकशी करत. माणूस मोकळं हसायचा की ओठ मिटून, टोपी कपाळावर घ्यायचा की मागं, सगळं त्यांना लागायचं. एका आजोबांच्या फोटोतला कान उंदरानं खाल्ला होता. मामांनी त्या आजोबांच्या धाकट्या भावाला बोलावून खुर्चीत बसवलं, त्याच्या कानाचा फोटो काढला आणि तोच तिथं जोडला. मला हसू आलं. मामा गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणं, घराण्याचा कान एकच असतोय. नाक असतं तर म्या हात घातला नसता."

पण कम्प्युटर थकला होता. एक फोटो उघडेपर्यंत मामींचा स्वयंपाक व्हायचा. दसऱ्याची फुलं गेल्यावर मामींनीच विषय काढला. "एकच काय तो पार्ट नवा घ्या. दुसऱ्याला औंदा जमायचं न्हाई."

झालं. लेकीला स्थळ बघावं तसे मामा पार्ट बघू लागले. मी शिरूरला ऑफिसात कम्प्युटरवर बसतो, म्हणून रोज फोन मला. मी समजावलं, रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा मोठा असला की चार भांडी एकदम मांडता येतात. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठी. तिथून सामान भराभर आणायचं तर कोठीच बदलावी, नव्या जातीची एसएसडी बसवावी. शिरूरचा दुकानदारही एसएसडीच म्हणाला. दौंडच्या दुकानदारानं मात्र मोठा मॉनिटर सुचवला. रात्री मामांचा फोन आला, "ओटा बारका हाय, कोठी लांब हाय, आन् ह्यो म्हणतो खिडकी मोठी करा. मी आता करू काय?" शेवटी मामींनी ताकीद दिली की जेवताना रॅमचं नाव काढायचं नाही.

अखेर एसएसडी ठरली. शिरूरला जायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या वस्तीवरच्या एक आजी आल्या. त्यांच्या नवऱ्याचा फोटो मामांनी पूर्वी नीट करून दिला होता. तो भिंतीवरच वाळवीनं खाल्ला आणि मूळ फोटोही तसाच गेला. "बाबा, अजून एक काढून दे," त्या म्हणाल्या. आता तो फोटो फक्त कम्प्युटरात उरला होता. मामांनी कम्प्युटर लावला. आतून टकटक आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. मामांनी मला फोन केला. टकटक कोठीचीच, म्हणजे हार्ड डिस्कची होती. पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका, थोडा थंड होऊ द्या, एवढंच मी सांगू शकलो. मामांनी विचारलं, "हिला सांगू काय? दुसऱ्यांदा गेला म्हणू?"

आजी ओसरीवर बसून राहिल्या. मामी त्यांना जेवायला वाढायला गेल्या, तर त्या नको म्हणाल्या. उन्हं कलल्यावर मामांनी बटण दाबलं आणि कम्प्युटर सुरू झाला. फोटो निघाला. आजींनी तो पदराखाली धरला आणि वस्तीकडं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मामांबरोबर दुकानात होतो. त्यांनी एसएसडी नको म्हणून सांगितलं आणि साध्या जातीच्या दोन मोठ्या हार्ड डिस्क मागितल्या. एसएसडीच्या पैशातच त्या दोन्ही बसत होत्या. एक आत बसवायला, दुसरी कपाटात ठेवायला, दोन्हींवर सगळे फोटो. दुकानदार म्हणाला, "मामा, तेवढ्याच पैशात एसएसडीनं मशीन पळायला लागंल."

"पळवायचंय कुठं त्याला," मामा म्हणाले. "माणसं ऱ्हायली पायजेत."

हे सगळं झालं त्याला बरेच दिवस झाले. परवा मी माझ्या आईचा एक जुना फोटो घेऊन गेलो होतो. लग्नाआधीचा, मधोमध घडी पडलेला. मामांनी तो स्कॅन करून कम्प्युटरात घेतला आणि उघडायला लावला. आम्ही दोघं शेजारी बसलो. पडद्यावर आधी तिचे केस आले, मग कपाळ. पुढचं काही येईना. मामा म्हणाले, "घाई न्हाई ना, पाव्हणं?"

मी नाही म्हणालो. मग त्यांनी आई कशी हसायची ते विचारलं, आणि डोळे पडद्यावर येईपर्यंत मी सांगत राहिलो.