चार बोटं हिरवं गवत

निखिल दवाखान्यातून परत आला तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि मी टीव्हीसमोर बसले होते. मॅच बघायची म्हणून नव्हे. शनिवारी दहा वाजता आमच्या घरात टीव्ही लागतो, म्हणून हातानं तो आपोआप लावला होता, आवाज बंद ठेवून. माझे भाऊ अण्णा दोन दिवसांपूर्वी छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात गेले होते. निखिल त्यांचा मुलगा. तो बूट न काढताच गालिच्यावर आला. या घरात बूट घालून आत आलेलं मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्यावरूनच मला कळलं. "आत्या, ही इज गॉन," तो म्हणाला. मग तेवढं पुरेसं वाटलं नसावं, म्हणून मराठीत म्हणाला, "बाबा गेले." त्याच्या मागं टीव्हीवर रेफरी कानाला बोट लावून उभा होता आणि सगळे खेळाडू त्याच्याकडं बघत होते. मीही निखिलकडं न बघता त्या रेफरीकडंच बघत राहिले. तो काय निर्णय देतो ते मला बघायचं होतं. असं का झालं ते मला सांगता येत नाही…

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. पेठेपेठेचे संघ, आणि मॅच हरली की त्या पेठेत दोन दिवस कुणी धड बोलत नाही. अण्णा तरुणपणी खेळायचे, पुढं रेफरी झाले. मी चौथीनंतर शाळा सोडली, कारण आई अंथरुणाला खिळली होती आणि घरी म्हशी होत्या. अण्णा शिकले, अमेरिकेत आले आणि न्यू जर्सीत एका कारखान्यात तयार झालेल्या भागांची मापं तपासायच्या कामावर लागले. केसाएवढा फरक त्यांना नुसत्या डोळ्यांनी कळायचा म्हणे. माझे मालक वारले तेव्हा अण्णांनी मला इकडं आणायचे कागद भरले. ते मंजूर व्हायला इतकी वर्षं गेली की मी इथं अण्णांच्या गावी, पिस्कॅटवेला पोचले तेव्हा वहिनी राहिल्या नव्हत्या. मग त्या घरात आम्ही दोघंच. निखिल दहा मिनिटांवर राहतो, शाळेत विज्ञान शिकवतो.

शनिवारी सकाळी इंग्लंडमधल्या मॅच दाखवतात आणि त्या बघायला जवळच्या विद्यापीठात शिकणारी मराठी मुलं आमच्याकडं येत. पुण्याचा सौरभ आणि नागपूरचा तुषार तर न चुकता. मी भडंग करून ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची. चारचौघांत बसायची मला सवय नाही. मुलं मॅच कमी बघत, भांडत जास्त. हल्ली मॅचमध्ये शंका आली की रेफरी मैदानाच्या कडेला जातो आणि तिथल्या पडद्यावर तोच क्षण पुन्हा बघतो. मुलांना ते अजिबात पसंत नव्हतं. तुषार म्हणायचा, "काका, बाहीच्या शिलाईवर ऑफसाइड दिला ना बे. टेलर आहे का हा?" सौरभ म्हणायचा, "यार, गोल झाल्यावर ओरडायचीसुद्धा चोरी. आधी परमिशन येऊ दे, मग ओरडा." सगळे एका बाजूला आणि अण्णा एकटे पडद्याच्या बाजूनं. तरुणपणी कोल्हापुरात त्यांनी एकदा चुकीची पेनल्टी दिली होती. ज्याच्या विरुद्ध दिली तो मुलगा आमच्याच गल्लीतला. तो पुढं कधी अण्णांशी बोलला नाही. म्हणून अण्णा मुलांना सांगत, "रेफरीलाही घरी जाऊन झोप लागायला पाहिजे की नको? मला तेव्हा हा पडदा मिळाला असता तर… जे पडद्यावर दिसेल ते मान्य करायचं. आपला डोळा म्हणजे काय देव आहे का?"

पण गंमत अशी की पडद्याचा निर्णय येण्याआधी ते आपला निर्णय सांगून मोकळे होत आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे. मुलं गेल्यावर भांडी आवरताना ते मला विचारत, "शाले, तो हँडबॉल होता का गं?" मी सांगायची. त्यांनीच मला शिकवलं होतं की अख्खा चेंडू अख्ख्या रेषेच्या पलीकडं गेला तरच गोल. रेषेवर केसभर टेकला असला तरी नाही.

दर रविवारी ही मुलं आणि इथली नोकरीवाली मराठी माणसं तळ्याजवळच्या मैदानात खेळत आणि अण्णा रेफरी असत. गुडघे दुखत, तरी गळ्यात शिट्टी घालून धावत. मी चहाचा थर्मास घेऊन जायची. बायका एकत्र बसत त्यांच्यात मला अवघडायला होई, म्हणून अण्णा माझी घडीची खुर्ची लांब कोपऱ्यात, गोलच्या रेषेत मांडून देत. "इथं बस. कुणी बोलायला येणार नाही आणि दिसेल सगळं."

गेल्या वर्षी दिवाळीआधी विद्यार्थी आणि नोकरीवाले यांची वर्षाची मोठी मॅच होती. शेवटच्या पाच मिनिटांत गोलपुढं एकच गर्दी झाली. चेंडू कुणाच्या तरी पायाला लागून हळूहळू आत घरंगळला आणि गोलकीपरनं झेप घेऊन तो मागं ओढला. अण्णा धापा टाकत रेषेपर्यंत पोचले होते. त्यांनी शिट्टी वाजवली आणि मधोमध बोट दाखवलं. गोल. मी रेषेत बसले होते. माझ्यापासून दहा पावलांवर चेंडू आणि पांढरी रेषा यांच्या मधे हिरवं गवत मला स्वच्छ दिसलं होतं. चार बोटं तरी असेल. नोकरीवाले जिंकले, अण्णांनी कप दिला, फोटो निघाले.

मग मी चहा ओतत असताना सौरभ फोन घेऊन आला. तो त्या दिवशी पाय मुरगळला म्हणून खेळत नव्हता, गोलच्या मागं गवतावर बसून मॅचचा व्हिडिओ काढत होता. त्यात चेंडू रेषेवर दिसत होता. सगळ्यांनी तो दहा वेळा पाहिला, थांबवून पाहिला, मोठा करून पाहिला. "काका, आता चष्मा बदला," तुषार म्हणाला आणि सगळे हसले. वाईट मनानं नाही हसले. अण्णाही हसले. फोन त्यांनी डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. मग म्हणाले, "मान्य." नोकरीवाल्यांकडं गेले, दिलेला कप स्वतःच्या हातानं परत मागितला आणि मधल्या टेबलावर ठेवला. मॅच बरोबरीत सुटली.

व्हिडिओतली चूक मला लगेच कळली होती. आमच्या स्वयंपाकघरात मापाच्या रेषा आखलेला काचेचा कप आहे. उभ्यानं बघितलं तर त्यात दूध एक दिसतं आणि डोळा रेषेशी नेऊन बघितलं तर दुसरंच दिसतं. सौरभ मागं खाली बसला होता. त्याच्या आणि रेषेच्या मधे चेंडू होता, म्हणून मधलं गवत त्या चेंडूनंच झाकलं होतं. एवढी साधी गोष्ट. तिथं शिकलेली वीस-पंचवीस माणसं उभी होती आणि मी चौथी पास बाई. मी कपात चहा ओतत राहिले.

घरी जाताना निखिल गाडी चालवत होता, अण्णा त्याच्या शेजारी आणि मी मागं. मग मान न वळवता अण्णांनी विचारलं, "शाले, तू रेषेत होतीस. तुला काय दिसलं?"

मी खरं सांगितलं असतं तर त्यांनी निखिलला गाडी वळवायला लावली असती. मला सगळ्यांपुढं उभं करून म्हणाले असते, सांग आता यांना. मी त्यांना ओळखत होते. मी म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं. मी चहा ओतत होते."

"बरं," अण्णा म्हणाले.

गोल झाला तेव्हा थर्मासचं झाकण मी उघडलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी शिट्टी सौरभला दिली. मग डोळे तपासून आले. वयाच्या मानानं चांगले आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही. गाडी चालवायची सोडली. औषधाची बाटली आणून मला विचारत, यावर किती लिहिलंय बघ गं. ज्यांना केसाएवढा फरक दिसायचा ते मला आकडे वाचायला सांगत. शनिवारी मुलांनी विचारलं, काका काय वाटतं, तर म्हणत, "थांबा की, पडदा सांगेल." त्यांचा निर्णय यायचा बंद झाला आणि मुलांच्या भांडणातही मजा उरली नाही. मुलं हळूहळू कमी येऊ लागली.

सांगायचं मी अनेकदा ठरवलं. आधी चारचौघांत बोलायची भीती होती, नंतर खोटं बोलले होते ते उघडं पडायची. एकदा थंडीत त्यांच्या गुडघ्याला तेल लावत होते. "अण्णा, त्या दिवशी…" मी म्हणाले. त्यांनी मान वर केली आणि थांबले. चांगले थांबले. घरात दुसरं कुणी नव्हतं, बाहेर बर्फ होता, कुणी येणारही नव्हतं. आणि मी विचारलं, "चहा ठेवू का?"

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी आणि निखिल अण्णांचे कपडे आवरत होतो. तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं, गवताचं आणि खोटं बोललेलं, दोन्ही. तो हातातला स्वेटर घेऊन पलंगावर बसला. "आत्या, बाबा न्यू," तो म्हणाला. "यू सॉ इट, हे त्यांना माहीत होतं. त्या रात्री मला फोनवर म्हणाले, शालनची नजर चुकत नाही. तिनं बघितलंय. मी चुकलो असणार म्हणून ती गप्प आहे, मला दुखवायचं नाही तिला. तूही विचारू नकोस तिला, असं मला म्हणाले."

मी घाबरून गप्प बसले होते आणि अण्णांनी ती माया समजली. सौरभच्या व्हिडिओवर त्यांनी एक वेळ शंका घेतली असती. माझ्या गप्प बसण्यावर घेतली नाही.

त्या रविवारी मी निखिलला म्हणाले, मला मैदानात ने. मुलं खेळत होती. मी जाऊन गोलजवळ उभी राहिले तेव्हा खेळ आपोआप थांबला. सौरभ जवळ येऊन म्हणाला, "काकू, काय झालं? बसता का?" मी त्याच्याकडून चेंडू मागून घेतला. रेषेच्या पलीकडं चार बोटं मोजून ठेवला. मग त्याला म्हणाले, "तू त्या दिवशी जिथं बसला होतास तिथं जाऊन बस. आणि सांग चेंडू कुठं आहे."

तो जाळीमागं जाऊन बसला. "रेषेवर आहे, काकू."

"आता इकडं ये."

माझी खुर्ची असायची ती जागा मी दाखवली. तो तिथं आला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला. मग तुषार आला. मग एकेक करत सगळे आधी जाळीमागं जाऊन बसले आणि नंतर माझ्या जागेवर येऊन वाकले. तुषारनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. निखिल सगळ्यांत शेवटी आला. गुडघ्यावर हात ठेवून तो त्या हिरव्या पट्टीकडं बराच वेळ बघत राहिला, मग खाली गवतावरच बसला. मी त्याच्या शेजारी बसले.