आधी भिंत पाडा, मग माफी मागा

कुठल्याशा बड्या माणसाने कोर्टाचा हुकूम धाब्यावर बसवला अशी बातमी टीव्हीवर लागली की आमच्याकडे जेवताना वाद ठरलेला. नवऱ्याचं पालुपद एकच, "माफी मागितली ना त्याने? मग झालं! एवढ्या मोठ्या माणसाला आत टाकून कोर्टाला काय मिळणार?" मी आमटी गरम करायच्या निमित्ताने उठते. बोलायला लागले तर माझं लग्न निघतं, लग्न निघालं की मामा निघतो, आणि मग मला जेवण जात नाही. त्यात गेल्या पावसाळ्यानंतर बय गेली. तेव्हापासून तर जास्तच.

बय म्हणजे आईच्या गावची धवलारीण. आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावते ती धवलारीण. देवांना, गेलेल्या वाडवडिलांना, जित्याजागत्या सोयऱ्यांना ती एकेकाला गाण्यातून मांडवात बोलावते. भटजी असतो, पण बयचा आवाज लागल्याशिवाय आमच्यात नवरी बोहल्याकडे वळत नाही. भिवंडीच्या नारपोलीत आमच्या घराच्या दोन्ही अंगांना पॉवरलूमचे कारखाने. त्या खडखडाटातच आम्ही वाढलो, त्यातच झोपलो. घरात काही कार्य असलं आणि बय गायला बसली की बाबा शेजारच्या शेठला सांगून तेवढ्यापुरत्या मशिनी बंद करायला लावायचे. "अम्मा आयी है क्या? बंद करो भाई, बंद करो," शेठ आतून ओरडायचा. मग एकदम शांत व्हायचं, आणि त्या शांततेत तिचा तो चिरका, नाकातला आवाज. तसं शांत नारपोलीत पुन्हा कधी झालं नाही.

आणि मामा! काय माणूस होता. आईचा थोरला भाऊ, सगळ्यांचा दादूस. पांढरा शर्ट, पांढरी पँट, गळ्यात बोटाएवढी चैन. धामणकर नाक्यावर त्याची गाडी अडकली की ट्रॅफिकवाला बाकीच्यांना बाजूला काढायचा. मे महिन्याच्या सुट्टीत तो मला पुढच्या सीटवर बसवून खाडीवर न्यायचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चिखलात उतरायचा आणि निवट्या, म्हणजे चिखलात उड्या मारणारे मासे, धरून माझ्या ओंजळीत टाकायचा. मी किंचाळले की म्हणायचा, "घाबरतस कनाला? मामा हाय ना." पुढे गोडाऊनं आली, शेतं गेली, मामाच्या दारात दोन जेसीबी उभे राहिले. तरी माझ्यासाठी तो चिखलातलाच मामा होता.

बयचं घर मामाच्या जागेच्या मागे. तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मामाच्या बांधावरून जायची, कधीपासून ते कोणालाच ठाऊक नाही. गोडाऊनवाल्यांना चारी बाजूंनी भिंत हवी होती. मामा बयला म्हणाला, "मागून नाल्याकडनं जा की, काय बिघारलं?" बय म्हणाली, "माज्या सासूची मयत या वाटेनं गेली. माजी पन जाईल." मामा हसला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण बय चढली. भिवंडीच्या कोर्टातल्या न्यायाधीश एक तरुण बाई होत्या. निकाल लागेपर्यंत वाट अडवायची नाही, असा त्यांनी स्टे दिला.

मामाने काय करावं? जोडून सुट्ट्या आल्या, कोर्ट बंद, तेवढ्यात भिंत पुरी केली! वर सगळ्यांना सांगत सुटला, "स्टे कागदावं हाय, भिंत जमिनीवं हाय." सगळे खो-खो हसले. मीही हसले. मामाच्या गोष्टींवर आम्ही नेहमी हसायचोच.

पहिलं हसू आईचं गेलं. माझं लग्न ठरलं तेव्हा बयला आमंत्रण द्यायला ती सुपारी घेऊन गेली, चांगली पैठणी नेसून. वाट बंद, मग नाल्याकडून गेली. एक चप्पल चिखलात रुतली ती रुतलीच. बयच्या ओट्यावर जाऊन ती लहान पोरीसारखी रडली. बयने तिचे पाय धुतले आणि म्हणाली, "पोरीचा काय गुना? मी येन गायला. पन कोर्टाची तारीख हाय ती हाय." आई अनवाणीच परत आली. बाबांनी पैठणीचं विचारलं तर म्हणाली, "पैठणी मरू दे. दादूस चुकला."

मामावर अवमानाचा अर्ज झाला होता. वकिलाने झकास माफी लिहून दिली: बिनशर्त, नम्र, पुन्हा असं होणार नाही वगैरे. न्यायाधीश बाईंनी ती वाचली आणि विचारलं, "भिंत?" वकील म्हणाला, "आहे, मॅडम." बाई म्हणाल्या, "आधी भिंत पाडा, मग माफी मागा." पुढच्या तारखेलाही भिंत तशीच. तेव्हा त्यांनी पंधरा दिवसांची दिवाणी कैद सुनावली, आणि सोबत हेही की भिंत पाडली, बेलिफ बघून आला, की त्याच दिवशी सुटका. हे ऐकलं आणि मामाच्या छातीत कळ आली! मोठ्या माणसांची छाती बरोबर अशाच वेळी दुखते, कसं ते देव जाणे. एका ओळखीच्या दवाखान्यात त्याला ठेवलं. डॉक्टरने बरा झाला म्हटलं की हजर व्हायचं, असं ठरलं.

आता मला एकच घोर. आमच्यात मामा भाचीला बोहल्यापर्यंत आणतो आणि लग्न लागेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बय त्याला धवल्यांतून तीन हाका मारते, तिसऱ्या हाकेला तो पुढे येतो. लहानपणापासून मी हेच बघत आले, हेच मनात खेळवत आले. माझ्या पाठीशी मामा नाही असं लग्न मला लग्नच वाटत नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात बेंजो लागला, आणि बघते तर काय, मामा हजर! म्हणे, पाचच मिनिटं आलोय. हाताला सलाईनच्या सुईवरची पट्टी तशीच. बय आमच्या ओट्यावर बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सुपात तांदूळ पाखडत राहिली. पोरांनी मामाला ओढलं. तो नाचला, आणि असा नाचला की काय सांगू! पट्टीचा हात वर, कंबर खाली, मी हळदीने माखलेली त्याच्यासमोर, आणि तो ओरडतोय, "माजे भाचीचा लगीन हाय!" मला इतका आनंद झाला होता की मी त्याच्या पांढऱ्या शर्टावर हळदीचे दोन्ही पंजे उमटवले. माझ्या मावसभावाने तो सगळा नाच मोबाईलवर घेतला आणि अभिमानाने स्टेटसला ठेवला. भिवंडीत तसल्या गोष्टीला पाय फुटतात.

दुसऱ्या दिवशी लग्न गोरजाचं, आणि सकाळी मामाची तारीख. वकील दवाखान्याचा दाखला द्यायला उभा राहिला, तर बयच्या वकिलाने मोबाईल पुढे केला. बाईंनी नाच शेवटपर्यंत बघितला म्हणे. आवाज चढवला नाही. इतकंच म्हणाल्या, "तब्येत सुधारलेली दिसते." आणि मामाला हजर करायला पोलीस पाठवले.

आमच्या घरात आकांत झाला. काका म्हणाले, मॅडमचा इगो दुखावला. कोणी म्हणालं, एक दिवस थांबल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी तर तोंडाला येईल ते बोलले त्या बाईला. हिच्या घरी कोणाचं लग्न नाही का, हिला मामा नाही का! दुपारी, मामाला पोलिसांनी कोर्टात आणल्यावर, आईने वकिलाला फोन लावला आणि मामाला द्यायला सांगितलं. मी तिला खेटून बसले होते, मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"दादूस, एक शब्द बोल. जेसीबी तुजा, भिंत तुजी. आता पाडलीस तं संध्याकाळपर्यंत येशील."

मामा म्हणाला, "भिंत पाडली तं गावात तोंड कसा दाखवू?"

"आन पोरीला कसा दाखवशील?"

फोन बंद झाला. जेसीबी भिंतीला लागूनच उभे होते, ड्रायव्हर जेवून सावलीत झोपला होता. हे मला नंतर कळलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ते काही खोटं नाही.

तरी मी संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत होते. एखादी पांढरी गाडी गल्लीत वळली की मी अर्धी उठायचे. लग्नाची वेळ झाली. बाबांनी मशिनी बंद करवल्या. बय उभी राहिली आणि एकेकाला बोलवत मामापाशी आली. मला वाटलं, ती त्याला वगळेल. तिने का बोलवावं त्याला? नाल्याने चिखल तुडवत आली होती ती, पातळाची किनार अजून ओली होती. पण तिने मामाला हाक मारली. थांबली. दुसरी मारली. थांबली. काका उठून माझ्या पाठीशी यायला लागले, तर तिने हात करून त्यांना बसवलं. तिसरी हाक मारताना तिचा आवाज फाटला. कोणी आलं नाही. अक्षता पडल्या तेव्हा माझ्या पाठीमागून वारा लागत होता. मी रडले ते सासरी जाते म्हणून, असं सगळ्यांना वाटलं.

चार दिवसांनी आई जेलमध्ये मामाला भेटायला गेली. तिने घडलं ते सगळं सांगितलं, बयच्या हाकांचंही. मामाने विचारलं, "मना बोलावलंन तिनं?" आई म्हणाली, "तीन वेळा." त्याने तिथूनच निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत आडवी झाली, बेलिफ बघून गेला आणि मामा सुटला. कोर्टात मग त्याने माफी मागितली, कागदाशिवाय. बाई बरं म्हणाल्या आणि पुढची केस घेतली.

नवऱ्याला मी हे इतकं सांगू शकत नाही. मला तेव्हा वाटत होतं, त्या बाईने माझा मामा अडवला. तिने कुठे अडवला होता? दार उघडायचं मामाच्याच हातात होतं. गरिबाला कोर्टाच्या नोटिशीनेच घाम फुटतो, त्याला आत टाकायची वेळच येत नाही. मामाला माफीचा कागद मिळाला, दवाखान्याचा मिळाला, आणखीही मिळाले असते. बाई माझ्या लग्नासाठी एक दिवस थांबल्या असत्या तर मामा माझ्या पाठीशी उभा राहिला असता, आणि ती भिंत आजही उभी असती. तरीसुद्धा मला मामा हवा होता हो. त्याला काय करू?

मामा आता थकलाय. माझ्या लग्नाची सीडी त्याने आजवर बघितलेली नाही. हळदीच्या पंजांचा तो शर्ट मात्र न धुता कपाटात ठेवलाय, असं मामी सांगते.

बय गेली त्या सकाळी मी धावत गावी पोचले. तिला मूलबाळ नव्हतं. खांदा द्यायला कोण, असं म्हणेपर्यंत मामा पुढे झाला होता. तिरडी त्याच वाटेने निघाली, गोडाऊनच्या कडेने. भिंत होती तिथे मामा थांबला. खांद्यावर बय, डोळ्यांत पाणी, आणि मागच्या पोरांना म्हणाला, "सावकास. पाया तसाच राहिलाय खाली. ठेच लागंल."