टायलॉस, एक हजार आणि दादाचा अंगठा

आधीच सांगून टाकतो — भूत, आत्मा, संकेत या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमचं घर बावीस प्रतिज्ञांचं. वडील वारले तेव्हा पिंडाचा विषय काढणाऱ्या नातेवाइकांना आईने दारातूनच परत पाठवलं होतं. त्यामुळे मी हे इथे लिहितोय असं आमच्या बहरीनच्या बुद्धवंदनेला जमणाऱ्या मंडळींना कळलं, तर माझी चांगलीच टर उडवतील... उडवू देत.

मी बहरीनमध्ये सीफला एका कन्स्ट्रक्शन कंपनीच्या ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. राहायला सनाबिसला, बायको आणि आठवीतली मुलगी सोबत. मला इथे आणलं थोरल्या भावाने. दादा त्याच कंपनीत स्टील फिक्सर होता. सळ्या वाकवायच्या, तारेने बांधायच्या. वहिनी लातूरकडे गावी. दादाच्या हाताला असे घट्टे होते की माझी मुलगी लहानपणी पाठ खाजवायला 'मोठे पप्पाच' पाहिजेत म्हणून हटून बसायची.

कंपनीत हजेरीला अंगठ्याचं मशीन. आमचे आजोबा अंगठेबहाद्दर. पोरांचा तरी अंगठा सुटावा, सही यावी म्हणून बापाने आम्हांला शाळेत घातलं, आणि इथे येऊन पुन्हा अंगठाच. दादाचा तर तोही चालेना. घट्ट्यांनी रेषाच पुसल्या होत्या. मशीनमधली बाई सगळ्यांना "थँक यू" म्हणायची आणि दादाला रोज "प्लीज ट्राय अगेन". दादा हसायचा, "हिला माझा हात पसंत न्हाई बघ." मग टाइमकीपर त्याची हजेरी हाताने टाकायचा. एम्प्लॉयी नंबर एक हजार. गोल आकडा मिळाला म्हणून तो उगीचच मिरवायचा.

गेल्या जुलैत जनाबियाला, व्हिलांच्या साइटवर, दादा काम करता करता कोसळला. नेमका त्या दिवशी नेहमीचा टाइमकीपर लीव्हवर होता आणि बदलीच्या माणसाने दादाची हजेरी टाकलीच नाही. कंपनीने हात झटकले — सिस्टीममध्ये पंच नाही, म्हणजे माणूस ड्युटीवर नव्हता, लेबर कॅम्पच्या खोलीत वारला. ॲबसेंट. अंगात ताप असताना खाडा न करणाऱ्या माणसाच्या नावापुढे शेवटचा शब्द हा. बरोबरची पोरं मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाई, हमारे सामने गिरा." तेच लिहून द्या म्हटलं तर सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. त्यांना तरी काय बोलणार, व्हिसा प्रत्येकाच्याच मानगुटीवर बसलेला.

पेटी गावाला पोचली, आणि तिच्या मागोमाग ही बातमीही. कामावर नव्हता म्हणे, पिऊन पडला असेल — असं लोक बोलायला लागले. दादाने आयुष्यात थेंबाला हात लावला नव्हता. वहिनी दर फोनला एकच विचारायच्या, "भावजी, तेवढं एक सांगा. ते कामावर गेलते का न्हाई?"

"गेला होता, वहिनी."

"मग कंपनी तसं का म्हणंना?"

एचआरला मी इतक्यांदा भेटलो की शेवटी त्यांचा माणूस मला लांबून बघूनच "खलास, ब्रदर" म्हणायचा.

वर्ष झालं. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या संध्याकाळी मुलगी सुट्टीचं प्रोजेक्ट करत बसली होती. बहरीनचा इतिहास.

"बाबा, द ग्रीक्स कॉल्ड बहरीन टायलॉस," ती म्हणाली. "अँड द वर्ड मीन्स कॅलस. लाइक मोठे पप्पाज हँड्स."

"घट्टा म्हणतात त्याला आपल्यात," मी म्हटलं.

तिने मला समजावलं. ग्रीकांकडे वेगळे आकडे नव्हते, अक्षरंच आकड्यांचं काम करायची. म्हणजे प्रत्येक शब्दाची एक बेरीज. तिने कागदावर मांडलं — ताउ तीनशे, उप्सिलॉन चारशे, लॅम्डा तीस, ओमिक्रॉन सत्तर, सिग्मा दोनशे. बरोबर एक हजार. मी ती बेरीज पुन्हा करून बघितली. दादाचा नंबर तिला माहीत असायचं काही कारण नव्हतं आणि मीही तो काढला नाही. हजार म्हणजे भरलेला, पूर्ण आकडा, ती सांगत होती. नऊशेला त्यांची अक्षरं संपायची, मग हजारासाठी परत पहिलं अक्षर, अल्फा, आणि त्याला खाली एक तिरकी रेघ.

"सो इट एंड्स, अँड यू ट्राय अगेन," ती म्हणाली.

तिच्या टीचरच्या मते ते नाव म्हणजे इथल्याच जुन्या नावाचा ग्रीकांनी केलेला अपभ्रंश, घट्ट्याचा अर्थ जुळला तो निव्वळ योगायोग. असेल. मला मात्र वाटलं, नाव बरोबर ठेवलंय. मोत्यांचं बेट म्हणून सगळीकडे मिरवतात, आणि उभं आहे ते घट्ट्यांवर.

सकाळी तोंड धुताना गालाला काहीतरी खरखरीत लागलं. बघतो तर उजव्या अंगठ्यावर आणि बोटांच्या मुळाशी पिवळट, टणक घट्टे. मी दिवसभर माउस धरणारा माणूस. बायकोने हात उलटा-सुलटा करून बघितला, खोबरेल चोळलं. "हे काय एका रात्रीत येतं होय?" ती म्हणाली. मग तिने माझा हात सोडला, कारण दादाचा हात तिनेही पाहिला होता.

त्याच दिवशी ड्रॉइंग्ज घेऊन मला जनाबियाला पाठवलं. मी मागून घेतलेलं काम नव्हतं. नियमाप्रमाणे गेटवर अंगठा लावला. "प्लीज ट्राय अगेन." पुसून पुन्हा लावला. पुन्हा तेच. मागे रांग खोळंबली, कुणीतरी "यल्ला, यल्ला" करायला लागलं. मी वैतागून अंगठा जोरात दाबून धरला.

"थँक यू," बाई म्हणाली.

स्क्रीनवर दादाचं नाव होतं. खाली एक हजार. मी फोन काढेपर्यंत तिथे परत घड्याळ आलं. पण शेजारी उभ्या असलेल्या वॉचमनने ते वाचलं होतं. "साब, ये तो आपका नाम नहीं है," तो माझ्या ओळखपत्राकडे बघत म्हणाला. मी तिथेच गेटला टेकून, सगळ्यांच्या देखत, रडलो.

एचआरने सिस्टीम उघडून दाखवली. एक हजार नंबर वर्षापूर्वीच डिलीट केलेला. त्या सकाळी त्या नंबरचा पंच नाही. आणि गंमत म्हणजे माझाही नाही. मी त्यांच्यासमोर उभा होतो, आणि त्या दिवसापुरता मी ॲबसेंट होतो.

संध्याकाळी वंदना झाल्यावर वहिनींना फोन केला. पटणार नाही हे गृहीत धरून सगळं सांगितलं.

वहिनींनी एवढंच विचारलं, "ती मशीनीतली बाई... थँक यू म्हणली का त्यांना?"

"म्हणाली."

"मग झालं. कामावर गेलते."

आठवड्याभरात घट्टे गेले. कसे आले, कसे गेले, डॉक्टरला सांगता आलं नाही, मला तर नाहीच नाही. प्रतिज्ञा मी अजूनही मानतो. कंपनीच्या कागदावर दादा अजूनही ॲबसेंट आहे. माझा अंगठा मात्र आता पहिल्या फटक्यात लागतो, आणि ती बाई रोज सकाळी मला थँक यू म्हणते. मला ते शिवीसारखं लागतं.