मऊ केलेली जीप

भोकरदनच्या पेट्रोल पंपावर पोरं माझ्या जीपभोवती गोळा होतात. "काका, टायर कुठले टाकले? शॉकअप बाहेरून मागवले का? लई भारी बसलीय गाडी!" एकेकाच्या कानफटात द्यावीशी वाटते. त्यांचा तरी काय दोष म्हणा. त्यांना हौस दिसते. पण ही गाडी मी हौसेनं बदललेली नाही. माझ्या बायकोला एकदा, फक्त एकदा, आमच्या मोसंबीच्या बागेत न्यायचं होतं, म्हणून बदलली. ती जाऊन आता दुसरा हिवाळा आलाय, आणि या गाडीचं कौतुक मला अजून ऐकवत नाही.

तिचा आजार मणक्यात उतरला होता. जालन्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हाडं पार पोकळ झालीत, गचका बसू देऊ नका. बरं होण्याचं त्यांनी काही काढलं नाही, मीही विचारलं नाही. घरी आल्यावर तिनं मागितलं ते एवढंच. "बाग फुलली असंल. एकदा नेऊन आणा मला. मंग म्हणसाल तशी पडून राहीन."

बाग तिनंच लावलेली. मी नुसता हुकूम ऐकणारा गडी. पिंपळगाव रेणुकाईचा डांबरी रस्ता सोडला की बागेपर्यंत पाणंद, आणि पाणंद म्हणजे निव्वळ काळी माती. पावसाळ्यात ट्रॅक्टर ज्या चाकोऱ्या पाडतात, त्या हिवाळ्यात दगडासारख्या टणक होतात. मध्येच शेजाऱ्याच्या फुटक्या पाइपलाइनचं पाणी साचून बारमाही चिखल. अन् आमची जीप? ती मागं स्प्रिंगच्या लोखंडी पाट्यांवर तोललेली. खताची पोती आणि मोसंबीचे कॅरेट वाहायला सोपं जावं म्हणून मी त्यात एकेक पाटा वाढवत नेला होता. आमच्याकडे सगळेच वाढवतात. ओझं असलं की गाडी शहाण्यासारखी चालते, रिकामी असली की नुसती उडते. धडधाकट माणसाची कंबर मोडावी अशी उडते.

आधी टायर. जालन्याच्या दुकानदारानं मला पाहिलं आणि थेट मोठमोठ्या खाचांचे, रुंद टायर पुढं ढकलले. खोटं कशाला बोलू, असे टायर मला आयुष्यभर हवे होते. दर वेळी बायको आडवी यायची. "शेतात जायचंय का लढाईवर?" आता आडवं यायला ती दुकानात नव्हती. मी टायरची बाजू अंगठ्यानं दाबून पाहिली. ढिम्म हलली नाही.

"दगड फोडतो हा," दुकानदार म्हणाला.

"मला दगड फोडायचा न्हाई. दगड लागू द्यायचा न्हाई."

मग म्हणे कारचे मऊ टायर घ्या. ते चिखलात रुतले असते, आणि रुतलेली गाडी काढताना बसतात ते गचके सगळ्यात वाईट. अर्धा दिवस मी त्याचं डोकं खाल्लं. शेवटी मधले घेतले, अर्धे रस्त्याचे, अर्धे मातीचे, बाजूनं जरा नरम. हवा कमी ठेवून चालवायचं ठरवलं.

मंग मिस्त्री. भोकरदनचा आमचा मिस्त्री जुना, तोंडानं फटकळ. "काय वाहायचंय त्यावर पाटे ठरतेत," तो म्हणाला.

"माणूस."

"किती माणसं?"

"एकच."

तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याच्या लक्षात आलं. हातातला पाना खाली ठेवून त्यानं हळूच विचारलं, "वहिनीचं वजन किती असंल आता?"

अरे, हा काय प्रश्न झाला! पण बराबर होता. पाट्यावर भार पडला तर तो लवतो, भार नसला तर माणसाला उडवतो. मी तर तिला रोज उचलत होतो. अंथरुणावरून उचलून भिंतीपाशी उभी करायचो, तिथून ती भिंत धरत धरत न्हाणीपर्यंत जायची. उचलताना दर वेळी वाटायचं, काल याहून जड होती. "दोन कॅरेट बी भरणार न्हाई," मी म्हणालो आणि गॅरेजच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. मला रडू आवरत नव्हतं.

मी वाढवलेले सगळे पाटे त्यानं काढले, उरलेल्यांत ग्रीस भरलं, नवे नरम शॉकअप लावले. तरी गाडी उड्या मारीच. मग मागं भार हवा म्हणून सरकी ढेपेची पोती टाकली. मी तिच्या जागेवर बसलो आणि त्याला पाणंदीतून गाडी चालवायला लावली. "हे लागलं! हे बी लागलं!" मी ओरडत राहिलो. पोतं पुढं सरकव, हवा अजून सोड. शेवटी तो वैतागला. "भाऊ, याच्यापेक्षा मऊ पाहिजे असंल तर पाळणा बांधा!"

निघालो त्या सकाळी मी तिला अंथरुणावरून थेट गाडीतच नेऊन ठेवलं. दोन्ही बाजूंनी उशा लावल्या. बैलगाडीच्या चालीनं चाललो. डांबर संपलं, चाक पहिल्या चाकोरीत उतरलं, आणि माझा जीव मुठीत.

"लागलं का गं?"

"न्हाई."

पुढची चाकोरी. "आता?"

"न्हाई हो. किती इचारता!"

चिखलातून गाडी अलगद बाहेर पडली. तिच्या कपाळावर एक आठी नव्हती. "अवो, लई मऊ केली तुमी गाडी," ती म्हणाली. "खाली सीट हाये का न्हाई, ते बी कळून न्हाई राह्यलं."

काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं! स्टिअरिंगवर थाप मारली. तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. "जिंकलो रे!"

बागेत शिरताच फुलांचा वास आला. गाडी थांबवून मी तिच्या बाजूला गेलो. तिची चप्पल वाटेत कुठंतरी पडली होती. उजवं पाऊल सीटखालच्या लोखंडी पट्टीत अडकलं होतं, सालपट निघून रक्त बोटांपर्यंत आलं होतं.

"अगं, पाय!"

तिनं वाकून पाहिलं. दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं पाहिलं. मी पाऊल सोडवलं, तळवा दाबला, पोटरी दाबली, चिमटा काढला. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"दाबा की," ती म्हणाली.

मी दाबतच होतो.

कमरेखालचं सगळं गेलं होतं. रात्रीतून कधीतरी गेलं असणार. टायर, पाटे, शॉकअप, ढेपेची पोती, कशानंही काही केलं नव्हतं. मी तिला तसंच जालन्याला घेऊन निघणार होतो, तर तिनं माझी बाही धरली. "थांबा. आलोच हावोत तर बसू जरा." मी तिला झाडाखाली मांडीवर घेऊन बसलो. कुठल्या झाडाला पाणी कमी पडतंय ते ती सांगत राहिली. मी नुसतं हूं हूं करत होतो.

परत निघालो तेव्हा माझा पाय सवयीनं ब्रेकवरच जात होता. थोडं पुढं आल्यावर ती म्हणाली, "चालवा ना जल्दी. ऊन वाढून राह्यलं. मला कुठं काय लागतंय आता?" टोमणा नव्हता. मला उन्हाचा त्रास होऊ नये म्हणूनच म्हणाली.

मी गाडी दामटली. जीप चाकोऱ्यांतून आदळत निघाली. ती उशांमध्ये नुसती हलत होती, तोंडातून चकार शब्द नाही. प्रत्येक गचक्याला ओरडत होतो तो मी.