काल्पीचे वसंतकाका

वसंतकाका गेल्याचं मला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. "मूळचे कळव्याचे, आपल्या मेडनहेड मराठी मंडळाचे ज्येष्ठ सभासद..." पुढचं मी वाचलंच नाही. माणूस गेल्याचं दुःख व्हायच्या आधी डोक्यात तिडीक गेली. सेक्रेटरी मंदारला फोन लावला, तर तो अगदी सहज म्हणाला, "अगं, फॅमिलीकडून काल्पी असं आलं होतं. मला टायपो वाटला, म्हणून करेक्ट करून टाकलं." करेक्ट करून टाकलं! पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव या गृहस्थाने ट्रेनमध्ये उभ्याउभ्या अंगठ्याने दुरुस्त केलं, आणि खाली सत्तर जणांनी हात जोडून ठेवले. एकालाही शंका आली नाही.

काल्पी उत्तर प्रदेशात आहे, कानपूरहून झाशीकडे जाताना लागतं. पेशवाईत मराठी फौजा बुंदेलखंडात गेल्या, त्यांच्यामागून कारकून गेले, भिक्षुक गेले, आणि त्यातली काही घरं तिथलीच होऊन गेली. काकांचं घर त्यातलं. इंजिनियर म्हणून ते इंग्लंडात मेडनहेडला आले आणि राहिले, पण मराठी काल्पीचीच राहिली. "मी चहा पिऊन राहिलो आहे," असं ते म्हणाले की आमची मंडळी एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते गणपतीत, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये. जेवणाच्या रांगेत पुढे पुण्याचे एक गृहस्थ तावातावाने बोलत होते. "इतकी वर्षं इथे टॅक्स भरतोय, तरी ऑफिसमधला तो गोरा विचारतो, बट व्हेअर आर यू ओरिजिनली फ्रॉम? धिस इज प्युअर रेसिझम!" सगळ्यांनी माना डोलावल्या. ताट वाढून घेऊन तेच गृहस्थ काकांशेजारी बसले आणि म्हणाले, "तुम्ही मूळचे कुठले?"

"काल्पीचे."

"हो हो, पण मूळचे?"

शिसारी येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. काका मात्र चिडले नाहीत. हातातला घास ताटात ठेवून त्यांनी सांगायला सुरुवात केली, "यमुनेच्या उजव्या काठावर आमचं गाव..." त्या गृहस्थांनी तोवर मठ्ठा कुठे आहे म्हणून मान वळवली होती.

काकांचं उत्तर कायम याच वाक्याने सुरू व्हायचं आणि मंडळात ते कोणी शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. मी ऐकलं, ते नदीकाठी. रविवारी सकाळी ते आणि निर्मलाकाकू थेम्सवर फिरायला निघत आणि मी त्यांना गाठायची. मेडनहेडही नदीच्या उजव्या काठावर आहे, हा काकांचा लाडका मुद्दा. इथेही रेल्वेचा पूल, तिथेही रेल्वेचा पूल. "फक्त इथली नदी सभ्य आहे," ते म्हणत. "आमची यमुना जमीन खाते." मग ते गावामागच्या घळी सांगायचे, पावसाने मातीला पडलेल्या, माणूस उभाच्या उभा दिसेनासा होईल इतक्या खोल. हाताने कागद बनवणाऱ्यांची आळी सांगायचे, चौऱ्याऐंशी घुमटांची म्हणतात ती कबर सांगायचे. आणि रावणाचा मनोरा! रामलीलेत रावणाचं काम करणाऱ्या एका वकिलाने म्हणे तो हौसेने बांधला. जिना गोल गोल सात वेळा फिरतो, सप्तपदीच होते, म्हणून सख्ख्या बहीणभावांनी एकत्र चढायचं नाही. "मी आणि माझी ताई आळीपाळीने चढायचो," काका हसत सांगत, "एक जण खाली चपला सांभाळायला."

एकदाच ते कडवट बोलले. मंडळाच्या मुलांनी झाशीच्या राणीचं नाटक बसवलं होतं. राणी किल्ल्यावरून उडी मारून निघाली, विंगेत गेली आणि दुसऱ्या बाजूने थेट ग्वाल्हेरला उगवली. काका तालमीलाच म्हणाले होते, "मधे ती काल्पीला आली होती. तिथे लढाई झाली, हरली, मग ग्वाल्हेर." दिग्दर्शिका बाई म्हणाल्या, "काका, ऑडियन्सला कन्फ्यूज होईल. स्किप करू या ना." नाटक संपल्यावर गाडीपर्यंत जाताना ते म्हणाले, "काल्पीत आम्ही दक्खिनी, पुण्यात यूपीवाले, इथे एशियन... माझं मी काहीही चालवून घेईन, बेटा. गाव तेवढं राहू द्या."

तेवढंही राहू देईनात. शोकसभेत ठरलं, की काका फिरत तिथे नदीकाठी मंडळातर्फे बाक ठेवायचा. कल्पना चांगली होती, म्हणून मीही कमिटीत गेले. पाटीवरचा मजकूर आला, "मूळचे रत्नागिरीचे." मी विचारलं, हे कुठून काढलं? मंदार म्हणाला, "सरनेमवरून. कोकणातलेच असणार ना ओरिजिनली? काल्पी कोणाला माहितीये? रीलेट व्हायला नको का लोकांना?" काका कधी रत्नागिरीला गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. जिवंतपणी ज्यांचं एक वाक्य कोणी पूर्ण ऐकलं नाही, त्यांना मेल्यावर सोयीचं गाव चिकटवून ही मंडळी त्यावर बसणार होती, सँडविच खाणार होती, फोटो काढणार होती. मला त्या खोलीत बसवेना. मी तिथूनच काकूंना फोन लावला. काकू स्पीकरवर एवढंच म्हणाल्या, "काल्पी लिहिणार नसाल तर बाक नको. 'मूळचे' हा शब्दही नको." मंदारने लॅपटॉपवर मजकूर बदलला, तोंड मात्र कडू औषध घेतल्यासारखं.

गेल्या रविवारी मी आणि काकू त्या बाकावर बसलो होतो. पाटीवर काकांचं नाव आणि खाली 'काल्पी' एवढंच आहे. मंडळातलं एक जोडपं फिरत आलं. नमस्कार झाले, पाटी वाचून झाली.

"काल्पी!" बाई म्हणाल्या. "किती क्यूट नाव. पण काकू, मूळचे कुठले तुम्ही?"

मी काहीतरी जहरी बोलणार, तेवढ्यात काकूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोडं सरकून त्यांना जागा करून दिली. "यमुनेच्या उजव्या काठावर आमचं गाव..." काकूंनी सुरुवात केली. नवऱ्याने घड्याळ पाहिलं. पार्किंगची वेळ संपत आली होती. "नक्की ऐकायचंय हं आम्हाला, नेक्स्ट टाइम!" म्हणत दोघं गेलेही.

काकू थांबल्या नाहीत. नदीकडे बघत घळींपर्यंत आल्या, कागदाच्या आळीतून गेल्या, मनोऱ्यापाशी पोचल्या, काकांच्या जागी बसून, काकांच्याच शब्दांत... आणि मी खाली चपला सांभाळत उभी असल्यासारखी शेवटपर्यंत ऐकत राहिले.