मुरमापर्यंत

सिंदी मेघेतल्या आमच्या लेआउटमध्ये सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा सगळ्यात जास्त खूश मी होते. काळ्या चिखलातून चपला हातात घेऊन शाळेत शिकवायला जायचे दिवस संपले, एवढंच मला दिसलं. रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा उंच झालाय, हे त्या ऑगस्टच्या झडीत कळलं. तीन दिवस पाऊस थांबला नाही आणि रस्त्यावरचं सगळं पाणी शेवटच्या घरात शिरलं. तिथे शिवणकाम करणारी एक बाई एकटी राहते. लोकांचे ब्लाउजपीस, फॉल लावायला आलेल्या साड्या, सगळं भिजलं. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून मशीन टेबलावर चढवत होती. मी आणि शेजारच्या मावशींनी दुसरी बाजू धरली.

या मावशी त्यांच्या मुलाकडे राहतात. उभं आयुष्य जंगल खात्यात मजुरी केली. रोपवाटिका सांभाळली, टेकड्यांच्या उतारांवर पाणी अडवणारे चर खणले. बहिणीशी फोनवर गोंडीत बोलतात, आमच्याशी वऱ्हाडीत. अंगाने काटक. तोवर माझा त्यांच्याशी संबंध कढीपत्ता मागण्यापुरताच होता.

पाणी ओसरल्यावर बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बैठक झाली. मी भूगोलाची शिक्षिका, त्यामुळे अर्ज लिहायचं काम माझ्याकडेच. लेआउटची मोकळी जागा पेव्हर ब्लॉकने झाकायची आणि कडेने सिमेंटची नाली काढायची, अशी मागणी मी लिहिली. सगळ्यांनी सह्या केल्या. मावशींनी अंगठाही दिला नाही आणि सहीही केली नाही.

"मॅडम, नाली काढली तं पाणी कुठी जाईन?"

"नाल्यात."

"अन् नाला कोनाच्या दारातून जाते?"

खालच्या वस्तीतून जातो, हे मला माहीत होतं.

"मंग आपलं पाणी त्यायच्या घरात घुसू द्याचं का?"

मला राग आला. मी अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला.

रविवारी त्यांनी मला मोकळ्या जागेवर बोलावलं. सब्बलने, म्हणजे पहारीने, हातभर खड्डा केला, दोन बादल्या पाणी ओतलं. संध्याकाळी जाऊन पाहिलं तर पाणी तसंच. "मुरत नाही ना!" मी जरा विजयाने म्हटलं. मावशी हसल्या. "काळी माती आहे. पाणी पेली का फुगते अन् तोंड मिटून घेते. तिच्या खाली जा लागते."

दुसऱ्या दिवशी त्या कमरेइतक्या खाली गेल्या. पिवळट मुरूम लागला. पुन्हा दोन बादल्या ओतल्या आणि शिवणकामवाल्या बाईने आणलेला चहा संपेपर्यंत खड्डा कोरडा झाला. बावीस वर्षं मी मुलांना पाणी जमिनीत कसं मुरतं ते शिकवत आले होते. मुरताना ते त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरी जाऊन अर्ज फाडला.

पाणी मोकळ्या जागेतच मुरवायचं ठरलं; ग्रामपंचायतीने हरकत घेतली नाही. हिवाळाभर रविवारी काम चाललं. उताराचा अंदाज घ्यायला मावशींनी गवंड्याकडून पाण्याची पारदर्शक नळी आणली. एक टोक माझ्या हातात, दुसरं त्यांच्या. "हालू नका मॅडम, पाण्याले ठरू द्या," म्हणत त्यांनी चुन्याने रेघा मारल्या. रस्त्याची कड तीन ठिकाणी फोडली. तिथून एक उथळ चर, आणि चराच्या शेवटी परातीसारखा पसरट खोलगट वाफा. तळाला मुरमापर्यंत खोदून विटांचे तुकडे, गिट्टी, रेती भरली, वर शेणखत मिसळलेली माती. त्यात वाळा आणि कर्दळ. कुठल्या रोपाला ओलं सोसतं, कुठल्याला नाही, हे त्या पानाला बोट लावून सांगायच्या. आमच्याकडचे एक निवृत्त हेडक्लार्क रोज फिरायला येताना थांबायचे आणि म्हणायचे, "डासांची शेती करून राह्यले तुम्ही."

जुलैत त्यांचंच खरं ठरेल असं वाटलं. वाफा भरला आणि भरलेलाच राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्क म्हणाले, "मॅडम, आता होड्या सोडा." मी शाळेत जायला मागची गल्ली धरली.

मावशी मात्र पाण्यात उतरल्या होत्या. लुगडं खोचून, तळवे घासत, पायांनी तळ चाचपत. मला हाक मारली. "या इकडं. काऊन तोंड लपवता? इथं गाळ बसला पाहा."

वरच्या अंगाला एका नव्या घराचं बांधकाम सुरू होतं. तिथली रेती-माती वाहत येऊन वाफ्यावर साय धरल्यासारखी बसली होती. आम्ही दोघी आणि शिवणकामवाली बाई, अशा तिघींनी घमेल्यांनी ती उपसली. मग मावशींनी फोडलेल्या कडेजवळ दगड रचून तीन छोटे हौद केले.

"घरात येताना आपण पाय पुसतो ना? पाण्यालेही पुसू द्या."

ऑगस्टमध्ये झड लागली. पाणी रस्त्यावरून आलं, हौदात गाळ टाकून चरात वळलं, कर्दळीच्या बुंध्याशी चढत गेलं. मी छत्री घेऊन उभी होते. कपाळाला हात लावायची माझी तयारी होती. रात्रभर पाऊस. सकाळी धावत गेले तर वाफ्यात फक्त ओल होती आणि शेवटच्या घरातून मशीनचा आवाज येत होता. दार सताड उघडं. हेडक्लार्क वाफ्याच्या कडेला वाकून आत पाहत होते. म्हणाले, "गेलं कुठी?" मावशी म्हणाल्या, "खाली. काका, उन्हाळ्यात तुमच्या बोरवेलले विचारजा."

आता लोक पाहायला येतात. मी त्यांना आकृत्या काढून समजावते, मावशी वाळ्याची पानं कापत ऐकतात. मागच्या महिन्यात जवळच्याच नालवाडीचे चारपाच जण आले. एकाने मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, "बस, असंच आमच्याकडं करतो." मावशींनी हातातला विळा खाली ठेवला.

"असंच नका करू. तुमची माती पाह्याशिवाय मी काई सांगणार नाई."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी ऑटोने नालवाडीला गेलो. तिथली मंडळी खुर्च्या मांडून बसली होती. मावशी खुर्चीवर बसल्या नाहीत. दुपारपर्यंत त्यांनी तीन ठिकाणी खणून पाहिलं आणि तिसऱ्या खड्ड्यातला मुरूम मुठीत घेऊन म्हणाल्या, "इथं करा."